डायलिसिसवर असलेल्या माणसाची बदली: कोर्टात जाऊन हाताला काय लागतं?

कर्वेनगरकर

आमच्या ऑफिसातला एक सहकारी. राज्य सरकारची नोकरी, गट ब, वय शेहेचाळीस. दोन्ही किडन्या निकामी. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, दर वेळी चार तास. प्रत्यारोपणासाठी पुणे विभागाच्या यादीत नाव आहे. मे महिन्याच्या बदल्यांत त्याला नंदुरबार दिलंय. विनंती अर्ज केला, सगळे कागद जोडले. उत्तर दोन ओळींचं: प्रशासकीय निकड लक्षात घेता विनंती मान्य करता येत नाही. खाली सही, शिक्का, विषय संपला.

माझं म्हणणं, त्याने मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जावं. घरचे म्हणतात साहेबांना दुखवू नका, ऑफिसातले म्हणतात कोर्टात गेलास की कायमचा डोळ्यावर येशील. बदली नोकरीचा भाग आहे हे कबूल. पण गंभीर आजार हे बदली थांबण्याचं कायदेशीर कारण असायला हवं, कुणाच्या मेहेरबानीचा विषय नाही. शिव्या घालायच्या तर घाला, पण मुद्द्यावर.

काळाकोट_शिवाजीनगर

आधी दोन प्रश्न. एका जागी तीन वर्षं भरली होती का? आणि आदेशाची तारीख काय?

कर्वेनगरकर

तीन वर्षं भरून वर सहा-आठ महिने झालेत. आदेश मेमधलाच. नागरी सेवा मंडळाची शिफारस फाईलला आहे म्हणतात.

काळाकोट_शिवाजीनगर

मग अवघड आहे, स्पष्टच सांगतो.

राज्याचा बदल्यांचा कायदा २००५चा, अंमल १ जुलै २००६ पासून. मुदत भरायच्या आत हलवलं किंवा एप्रिल-मे सोडून मध्येच आदेश काढला, तर खास कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या सक्षम अधिकाऱ्याची आधी मंजुरी घ्यावी लागते. मॅटमध्ये बदल्या पडतात त्या बहुतेक इथे. कुठे मंजुरी मागाहून घेतलेली असते, कुठे कारणाच्या जागी नुसतं 'प्रशासकीय कारणास्तव' लिहिलेलं असतं. तुमच्या मित्राच्या आदेशात ती फटच नाही.

उरला आजार. १९९३चा एस. एल. अब्बास यांच्या खटल्याचा निकाल काढून वाचा. शिलाँगमधला केंद्र सरकारचा कर्मचारी, बदली पौडीला, तेव्हाच्या उत्तर प्रदेशात. बायको शिलाँगलाच केंद्राच्या नोकरीत, मुलं तिथे शिकणारी, स्वतःच्या पाठीच्या कण्याला पूर्वी फ्रॅक्चर. न्यायाधिकरणाने बदली रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निकाल फिरवला. कुणाला कुठे पाठवायचं हे प्रशासन ठरवणार. मार्गदर्शक सूचनांवरून हक्क सांगता येत नाही. द्वेषबुद्धी दाखवा, नाहीतर कायद्याचा भंग दाखवा. यापैकी तुमच्याकडे काय आहे?

शिवाय १९८९चा गुजरात वीज मंडळाचा निकाल आहेच: अर्ज प्रलंबित आहे एवढ्या कारणावर बदलीच्या जागी न जाणं चालत नाही. लोक 'मेडिकल टाकतो आणि केस लढतो' म्हणतात, तिथेच पाय अडकतो.

निवृत्त_आस्थापना

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी टेबलाची दुसरी बाजू सांगतो. उभी नोकरी आस्थापना शाखेत गेली. मार्च संपला की वैद्यकीय फायलींचा गठ्ठा यायचा. त्यात खरा कॅन्सर असायचा, खरी डायलिसिस असायची. आणि त्याच गठ्ठ्यात सासूबाईंचे गुडघे, स्वतःची कंबर आणि 'लांबचा प्रवास टाळावा' असं लिहिलेलं फॅमिली डॉक्टरांचं पत्रही असायचं. गंमत म्हणजे हा प्रवास फक्त पुण्यातून बाहेर जाताना झेपायचा नाही. पुण्यात येताना कुणाची कंबर दुखलेली मी पाहिली नाही.

नंदुरबारला कुणीतरी जायचंच ना? तिथे आज जो बसलाय त्याचीही मुदत भरलीय. त्याची आई इकडे हडपसरला अंथरुणाला खिळलेली असेल. तुमच्या मित्राची बदली थांबली की त्या माणसाची सुटकाही थांबते. त्याचा अर्ज कुठल्या धाग्यावर येत नाही, एवढाच फरक. आजार हे कायदेशीर कारण करा आणि मग बघा, पुढच्या मेमध्ये पुण्यात निरोगी माणूस सापडणार नाही.

आणि डायलिसिस आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, त्यात जिल्हा रुग्णालयांत केंद्रं उघडली. पुण्याबाहेर उपचारच नाहीत हे पुणेकरांचं आवडतं गृहीतक आहे.

सदाशिवपेठी_पण_शहाणा

काका, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. बाकी सगळ्याला विरोध.

मशीन_नंबर_चार

मी डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे. काका, मशीन जिल्ह्याच्या ठिकाणी आहे हे बरोबर. पण पेशंट मशीनवर एकट्याने जगत नाही.

हाताला फिस्टुला असतो, म्हणजे शस्त्रक्रिया करून शीर आणि धमनी जोडलेली असते. त्यावर हात ठेवला की थरथर लागते. आमच्याकडचे जुने पेशंट सकाळी उठल्यावर आधी ती थरथर बघतात आणि मग चहा घेतात. ती थांबली तर लगेच रक्तवाहिन्यांचा सर्जन लागतो. उशीर झाला तर फिस्टुला गेला, गळ्यात कॅथेटर घाला, संसर्गाची भीती, नवा फिस्टुला केला तर तो तयार व्हायला आठवडे.

दुसरं म्हणजे स्लॉट. नव्या ठिकाणी आठवड्याचे तीन स्लॉट रिकामे आहेत की नाही हे बदलीचा आदेश टाईप करणाऱ्याने विचारलेलं असतं का? दोन सेशन चुकले की अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं. त्याने हृदय थांबू शकतं.

तिसरं, यादी. महाराष्ट्रात अवयव वाटपाची चार विभागीय केंद्रं आहेत: मुंबई, पुणे, नागपूर आणि पूर्वीचं औरंगाबाद. तुमचा मित्र पुण्याच्या यादीत आहे. मेंदूमृत दाता मिळाला की फोन येतो आणि काही तासांत रुग्णालयात पोचावं लागतं, कारण काढलेली किडनी थांबत नाही. नंदुरबारहून पुणे म्हणजे जवळजवळ रात्रभराचा रस्ता. तो पोचेपर्यंत किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला गेलेली असेल, आणि तसंच व्हायला हवं.

सासूबाईंच्या गुडघ्यांच्या गठ्ठ्यात हे बसवू नका.

भोरचे_गुरुजी

जिल्हा परिषद शिक्षकांकडे बघा. आमच्या बदल्यांत विशेष संवर्ग भाग एक आहे. २०१७च्या शासन निर्णयात होता, ७ एप्रिल २०२१च्या निर्णयातही आहे. पक्षाघात, हृदय शस्त्रक्रिया, डायलिसिस, किडनी रोपण, कॅन्सर, थॅलेसेमिया, सगळं यादीत लिहिलेलं. या संवर्गातला शिक्षक बदलीला नकार देऊ शकतो, बदली मागूही शकतो. बदली संगणकावर होते, कुणाच्या केबिनबाहेर बसावं लागत नाही. (त्रेपन्न वर्षं पूर्ण झालेलेही त्याच संवर्गात आहेत. कॅन्सर आणि त्रेपन्नावा वाढदिवस एका रांगेत बसवणाऱ्याला माझा दंडवत.)

काका म्हणतात तसे बोगस निघाले का? निघाले. जिल्ह्या-जिल्ह्यांत प्रमाणपत्रांच्या फेरतपासण्या झाल्या. माझी स्वतःची अवघड क्षेत्रातून, म्हणजे दुर्गम भागातल्या शाळेतून, सुटका लांबली, कारण वरच्या शाळांतल्या काहींना अचानक ऐकू येईनासं झालं होतं. तरीही मी म्हणतो यादी हवी. खोटं प्रमाणपत्र आणणाऱ्याला पकडा, फौजदारी करा. त्याच्यापायी खऱ्या पेशंटला नंदुरबार का?

निवृत्त_आस्थापना

गुरुजी, तुमची सुटका लांबली आणि तरी तुम्ही यादीच्या बाजूने. मोठं मन आहे. सगळ्यांचं नसतं. व्यवस्था सगळ्यांसाठी करावी लागते.

डायलिसिस युनिटवाल्या ताई, प्रत्यारोपणाच्या यादीचा मुद्दा मला माहीत नव्हता. तो अर्जात होता का, हे मात्र विचारायला हवं. नव्याण्णव टक्के अर्जांत 'मी किडनीच्या विकाराने त्रस्त असून सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' एवढंच असतं. सहानुभूती मागितली की ती द्यायची की नाही हे साहेबाच्या हातात जातं.

हिंजवडी_फेज_तीन

तुम्हा सरकारी लोकांना निदान मॅट तरी आहे. आमच्या ऑफर लेटरमध्ये 'कंपनीच्या कोणत्याही शाखेत' लिहिलेलं असतं आणि पहिल्या नोकरीच्या आनंदात आपण सही ठोकतो. माझ्या टीममेटला केमो चालू असताना दुसऱ्या राज्यात जायला सांगितलं. एचआरचं उत्तर: घरून काम हा पर्याय पॉलिसीत नाही. मॅडमनी राजीनामा दिला. कोर्टबिर्ट काही नाही.

काळाकोट_शिवाजीनगर

खाजगीत रस्ता अगदीच बंद नाही, पण अरुंद आहे. महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघटना आणि अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात, चौथ्या अनुसूचीत, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या आडून दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा म्हटली आहे. औद्योगिक न्यायालयात तक्रार करायची, नव्वद दिवसांत. पण तुम्ही कामगार या व्याख्येत बसलात तर. 'मॅनेजर' असं कार्डावर छापलंय म्हणून लगेच बाहेर पडत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात. बरेच जण विचारायलाच येत नाहीत.

सदाशिवपेठी_पण_शहाणा

दिव्यांग हक्क कायदा लागू होत नाही का? २०१६चा?

काळाकोट_शिवाजीनगर

चांगला प्रश्न. त्या कायद्याच्या अनुसूचीत एकवीस प्रकार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल आहेत. किडनी निकामी होणं त्यात नाही, कॅन्सरही नाही. म्हणजे आठवड्यात बारा तास मशीनला जोडलेला माणूस कायद्याच्या लेखी धडधाकट. इथे मी कर्वेनगरकरांच्या बाजूचा आहे: हा कायदा बदलायला हवा. पण तो विधिमंडळाने आणि संसदेने बदलायचा. मॅटने तुमच्या मित्राच्या केसमध्ये तो बदलावा अशी अपेक्षा धरून जाऊ नका.

कर्वेनगरकर

म्हणजे कायदा बदलेपर्यंत त्याने नंदुरबारला जाऊन वाट बघायची? वकीलसाहेब, माफ करा, पण तुमची सगळी प्रतिक्रिया 'तुम्ही हरणार' एवढीच आहे. हरलेली केससुद्धा रेकॉर्डवर येते. कुणीच गेलं नाही तर सरकारला वाटणार सगळं आलबेल आहे.

काळाकोट_शिवाजीनगर

रेकॉर्डवर यायची हौस असेल तर त्याचा खर्च कोण करणार? पुण्याला मॅटचं खंडपीठ नाही, मुंबईला नरिमन पॉइंटला जावं लागतं. उच्च न्यायालयात जायचं तरी मुंबईच. (ऑगस्ट २०२५मध्ये सर्किट बेंच कोल्हापूरला झालं, त्यात पुणे नाही. पुण्याचा वकील बार वर्षानुवर्षं मागतोय, तो वेगळा धागा होईल.) तुमच्या मित्राने मंगळवार-गुरुवारच्या तारखा मागून घ्यायच्या का?

आणि मी जाऊ नका म्हटलेलं नाही. काय मागायला जाताय ते बदला. बदली रद्द करा अशी मागणी घेऊन गेलात तर अब्बास निकाल तोंडावर मारतील. पण त्याच निकालात हेही आहे की कर्मचाऱ्याने निवेदन दिलं तर प्रशासनाने त्याचा विचार केला पाहिजे. तुमच्याकडचा दोन ओळींचा नकार म्हणजे विचार केल्याचा पुरावा नव्हे. तिथे बोट ठेवा. मागणी अशी करा: नव्याने, कागदपत्रांसह दिलेल्या निवेदनावर ठरावीक मुदतीत कारणांसह निर्णय द्या, आणि तोवर कार्यमुक्त करू नका. एकतर्फी कार्यमुक्त करून त्याच्या खुर्चीत दुसरा रुजू झाला की मग त्या माणसालाही प्रतिवादी करावं लागतं आणि गुंता वाढतो. त्यामुळे घाई इथे करायची.

निवृत्त_आस्थापना

वकीलसाहेब बरोबर बोलले, पण निवेदन आधी नीट लिहा. मी ज्या टेबलावर होतो तिथे काय चालायचं ते सांगतो. 'पुण्यातच ठेवा' लिहू नका, तो हट्ट दिसतो. पुणे आणि आसपासची रिक्त पदं शोधा, कार्यालयाचं नाव, पद कधीपासून रिकामं आहे, सगळं. साहेबाला 'नाही' म्हणायला सोपं असतं. समोर रिकामी जागा दिसली की 'नाही'चं कारण लिहावं लागतं. सोबत जिल्हा शल्य चिकित्सकांचं किंवा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र. खाजगी रुग्णालयाच्या फाईलचं वजन कितीही असो, टेबलावर ती हलकीच. डायलिसिसचं वेळापत्रक आणि प्रत्यारोपण यादीतल्या नोंदणीचा पुरावा हे दोन कागद सगळ्यात वर.

माझं मत बदललेलं नाही. आजाराला कायद्यात घालू नका. पण हा माणूस खरा आहे, तर त्याचा अर्ज तरी धड असावा.

भोरचे_गुरुजी

काका, जे तुम्ही त्याला लिहून देताय तेच आमच्या यादीत छापलंय. सगळ्यांना तुमच्यासारखे काका भेटत नाहीत.

कर्वेनगरकर

निवेदन आज रात्री पुन्हा लिहायला घेतो. वकीलसाहेब, शनिवारी शिवाजीनगरला भेटता येईल का? काका, रिक्त पदांत दौंड, शिरूर, सासवड दिसतायत. ताई, यातलं कुठलं चालेल?

मशीन_नंबर_चार

सासवड सगळ्यात बरं. दौंड चालेल. शिरूर संध्याकाळच्या स्लॉटला जड जाईल, त्या रस्त्यावरचं ट्रॅफिक बघता. स्लॉट सकाळचा करून मिळतो का ते युनिटमध्ये विचारा, आणि ते पत्रही अर्जाला जोडा.