पीपीआयचे पैसे स्वतः मागा, चोवीस टक्के वाटून टाकू नका

(ब्रिटनमधली ही चर्चा ऑगस्ट २०१९ ची आहे. दाव्यांची मुदत त्याच महिन्यात संपली.)

हॅरोकर:
परवा इथे एकांनी लिहिलं, "पीपीआयचं काम क्लेम कंपनीकडे देऊन मोकळे व्हा, वीस टक्के गेले तर गेले, वेळ कुणाला आहे?" वाचल्यापासून डोकं तापलंय. पीपीआय म्हणजे बँकांनी कर्जासोबत किंवा कार्डासोबत विकलेला विमा, आजारपण आलं किंवा काम सुटलं तर हप्ते भरणारा. तो चुकीचा विकला असेल तर पैसे परत मागता येतात, आणि क्लेम कंपन्या आपल्या वतीने ते मागून वाटा घेतात. एक तर वीस नव्हे. वर व्हॅट लागतो, चोवीस होतात. माझ्या २००४ च्या कर्जाचे ३,२०० पौंड परत आले. त्यातले ७६८ कुणाला आणि कशाबद्दल द्यायचे होते? बँकेच्या साइटवर फॉर्म आहे. नाव, जन्मतारीख, तेव्हाचा पत्ता आणि विमा कसा गळ्यात मारला ते चार ओळींत. खाते क्रमांक नसला तरी चालतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एका संध्याकाळी भरला. बँकेने आठ आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. नाही म्हणाली किंवा गप्प बसली की ऑम्बुड्समन, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा स्वतंत्र अधिकारी, तोही फुकट. कंपनी हीच माहिती तुम्हालाच विचारून तोच फॉर्म भरते. २९ ऑगस्ट २०१९ ला दावा करायची मुदत संपतेय आणि गणपती २ सप्टेंबरला बसतायत. मखर नंतर, आधी हे करा.

रात्रपाळी:
काका, एका घरात आयुष्य काढलेल्या माणसाला हे सोपं आहे. मी नर्स. २००१ मध्ये आले तेव्हापासून पाच पत्ते झाले. स्वतः लिहिलं तर बँकेचं दोन ओळींचं पत्र आलं, "तुमच्या नावावर पीपीआय आढळला नाही." रडू आलं होतं. तेच कंपनीकडे दिलं आणि दोन कार्डांवरचा विमा निघाला. चोवीस टक्के गेले, पण नाहीतर शंभर टक्के गेले असते.

हॅरोकर:
ताई, कंपनीकडे वेगळं दप्तर नसतं. तीही बँकेलाच विचारते. तुमच्या पत्रात काय राहिलं होतं ते शोधा.

रात्रपाळी:
लग्नाआधीचं नाव. कार्डं त्या नावावर होती. मला सुचलं नाही, त्यांनी विचारलं. बरोबर असाल तुम्ही, पण हा एक प्रश्न विचारायला तेव्हा मला कुणी नव्हतं, हेही लक्षात घ्या.

जुना हिशेबनीस:
मला मूळ मुद्दाच पटत नाही. सही तुमची, कागद तुमच्या हातात. न वाचता सही करायची आणि पंधरा वर्षांनी फसवलं म्हणायचं? आमच्या पिढीने एकेक ओळ वाचली.

मिनीकॅब:
साहेब, माझं ऐका. २००५. कर्जाला बसलो होतो. समोरच्या बाईंनी पेन्सिलीने तीन ठिकाणी फुल्या मारल्या आणि कागद माझ्याकडे वळवला, "इथे, इथे आणि इथे." विम्याच्या चौकटीत खूण आधीच केलेली होती. नको म्हटलं तर म्हणाल्या, मग कर्जाचं सांगता येत नाही. फॉर्मच्या पहिल्याच पानावर माझा धंदा लिहिलाय, सेल्फ-एम्प्लॉइड. पुढच्या वर्षी पाठीने धरलं, तीन महिने गाडी उभी. क्लेम केला तर उत्तर आलं, पाठदुखी बसत नाही. आणि काम सुटल्याचा भाग माझ्यासारख्याला लागूच नव्हता. म्हणजे मी विकत काय घेतलं होतं? वाचलं असतं तर, म्हणता. तेव्हा माझं इंग्रजी भाडं आणि पत्ता विचारण्यापुरतं होतं.

जुना हिशेबनीस:
तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण सगळेच काही मिनीकॅबवाले नव्हते. शिकलेसवरलेलेही आता हात पसरतायत.

हॅरोकर:
हात पसरणं म्हणू नका, फार लागलं हे. पीपीआयवरून कर्ज देणाऱ्या कंपनीविरुद्ध लढलेल्या प्लेविनबाईंचा खटला आठवा. सुप्रीम कोर्ट, २०१४. त्यांच्या प्रीमियममधला ७१.८ टक्के भाग कमिशन होता आणि बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. वाचायला तो आकडा कागदावर होता कुठे? पीपीआय तक्रारींच्या नियमांविरुद्ध बँका स्वतःच कोर्टात गेल्या आणि २०११ मध्ये हरल्या. त्यानंतर तीस अब्जांहून जास्त पौंड परत करावे लागलेत. एवढे लोक काय बावळट होते?

जुना हिशेबनीस:
ठीक. एकरकमी प्रीमियम कर्जात मिसळायचा आणि पाच वर्षं त्यावरही व्याज घ्यायचं, हे मलाही कधी पटलं नाही. एवढं मान्य, पुढे नाही. आणि हात पसरणं हा शब्द मागे घेतो. आता सगळे विसरतात ते सांगतो. परताव्यात ८ टक्क्यांनी जे व्याज देतात, त्यातून २० टक्के कर आधीच कापलेला असतो. एप्रिल २०१६ पासून बेसिक रेटवाल्यांना, म्हणजे २० टक्के दराने कर भरणाऱ्यांना, वर्षाला हजार पौंडांपर्यंतच्या व्याजावर कर नाही. आर-४० फॉर्म भरून कापलेला कर परत मागा. त्यालाही कंपनी लागत नाही.

स्लाऊची लेक:
कंपन्यांची बाजू घेणाऱ्यांनी हे वाचा. बाबांचा परतावा १,५०० पौंड मंजूर झाला. त्यांची त्याच बँकेत जुनी थकबाकी होती, बँकेने सगळा तिकडे वळता केला. हातात एक पेनी नाही. चार दिवसांनी कंपनीचं बिल आलं, ३६० पौंड, चौदा दिवसांत भरा. बाबा ७४ वर्षांचे. ते बिल त्यांनी उशीखाली ठेवलं होतं, मला दाखवायची लाज वाटली म्हणून. करारात होतं म्हणे. रात्रपाळी, तुमचं काम झालं याचा आनंद आहे, पण "देऊन मोकळे व्हा" असं कुणालाही सांगू नका.

रात्रपाळी:
मी तसं म्हटलं नव्हतं, ते परवाचे वेगळे. बाबांचं वाचून मात्र पोटात कालवलं. माझं एक स्टोअर कार्ड अजून राहिलंय. त्याचं कंपनीला सांगितलेलं नाही. आज ड्यूटीवर जायच्या आधी मीच लिहिते, दोन्ही नावं आणि पाचही पत्ते घालून.

मिनीकॅब:
माझं १९९९ चं अजून एक आहे. पण ती बँक आता त्या नावाने उरलीच नाही. कुणाला लिहू?

जुना हिशेबनीस:
जिने ती घेतली तिला. जुना पासबुकाचा किंवा स्टेटमेंटचा कागद असेल तर त्यावरचं नाव मला कळवा, शोधून देतो. पत्र मात्र इंग्रजी कसंही असो, तुम्हीच लिहा. फुल्यांचं आणि पाठीचं इथे लिहिलंत तसंच लिहा.