श्रोते वाढले की बिलही वाढतं
"श्रोते वाढले की स्ट्रीमिंग आपोआप फायद्यात येईल" असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत. अमेरिकेत इंटरनेट रेडिओची गाणी वाजवायची लायसन्स फी दर गाण्यामागे आणि दर श्रोत्यामागे मोजतात, म्हणजे ऐकणारे दुप्पट तर बिलही दुप्पट. तिथे २००७ साली कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने (ही फी ठरवणारं सरकारी मंडळ) हा दर २०१० पर्यंत ०.००१९ डॉलरवर न्यायचं ठरवलं तेव्हा पँडोरा हे इंटरनेट रेडिओ स्टेशन बंदच पडायच्या बेतात होतं, २००९ मध्ये तडजोड झाली म्हणून ते तगलं. आणि तिथल्या साध्या एफएम रेडिओला रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवल्याबद्दल गायक-वादकांना एक सेंटही द्यावा लागत नाही, हा कुठला न्याय?? कलाकाराला पैसे मिळायलाच हवेत, पण मग सगळ्यांकडूनच घ्या ना!