प्रदर्शनातील पुरवठादार आणि स्टॉलधारक यांच्याशी व्यवहार कसा ठेवावा? (नाशिक)

प्रश्न : संयोजन समिती सदस्य, अंबड

नमस्कार. अंबड, सातपूर आणि सिन्नर येथील लघुउद्योजकांसाठी यंत्रसामग्री आणि पॅकेजिंग या विषयांचे चार दिवसांचे प्रदर्शन येत्या हिवाळ्यात डोंगरे वसतिगृह मैदानावर भरवण्याचा आमचा विचार आहे. स्टॉल सुमारे नव्वद असतील आणि त्यांपैकी बरेच राजकोट, कोइमतूर व लुधियाना येथील कंपन्यांचे असतील. मंडप, वीज, जनरेटर, छपाई, साफसफाई आणि सुरक्षा ही कामे निरनिराळ्या पुरवठादारांकडे दिली जातील.

सध्या सर्व जण एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटात आहेत. त्यामुळे एका सदस्याने दिलेला शब्द दुसऱ्याला ठाऊक नसतो, नकाशाच्या जुन्या प्रती फिरत राहतात आणि स्टॉलधारकाने "वीज मिळेल ना?" असे विचारले की आम्ही "मिळेल" म्हणून मोकळे होतो. त्याच्या मनातला विजेचा भार आणि कंत्राटदाराने धरलेला भार यांचा मेळ बसतो की नाही, हे कोणीच तपासत नाही. ज्यांनी अशी प्रदर्शने भरवली आहेत त्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : प्रदर्शन संयोजक, गंगापूर रस्ता

गट बंद करू नका, मात्र त्यात फक्त संयोजकांनीच सूचना टाकाव्यात अशी सोय करून घ्या. स्टॉलधारकांशी बोलणारी एक व्यक्ती आणि पुरवठादारांशी बोलणारी दुसरी व्यक्ती नेमावी. दोघांपुढे एकच तक्ता उघडा असावा. समितीतील इतरांनी कोणालाही परस्पर शब्द देऊ नये, मग तो अध्यक्षांचा जुना मित्र का असेना. (हे सांगणे सोपे आहे, पाळणे फार कठीण आहे.) नकाशाच्या प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि तारीख छापावी, आणि नवी प्रत पाठवताना आधीची रद्द झाल्याचे त्याच पत्रात लिहावे.

विजेविषयी आपण जे लिहिले आहे तो खरा कळीचा मुद्दा आहे. "किती वीज लागेल?" या प्रश्नाला "नेहमीएवढी" असेच उत्तर येणार. त्याऐवजी मोटर किती अश्वशक्तीची आहे, सिंगल फेज की थ्री फेज, स्टार्टर थेट जोडणीचा आहे की सुरुवातीचा प्रवाह कमी ठेवणारा स्टार-डेल्टा किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारे उपकरण) आहे, आणि एका वेळी किती यंत्रे चालवून दाखवणार, असे विचारावे व मोटरच्या नावपट्टीचे छायाचित्र मागवावे. पाच अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर चालू असताना सव्वाचार किलोवॉटच्या आसपास वीज घेते, परंतु थेट जोडणीच्या स्टार्टरवर ती सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. जनरेटरवाल्याला केवळ किलोवॉटची बेरीज कळवली आणि उद्घाटनाच्या वेळी चार जणांनी एकदम कळ दाबली, तर दिवे मंदावणार. हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे असतील तर दाब आणि हवेचे प्रमाण दोन्ही विचारावे.

प्रत्येक मुदतीसोबत, ती चुकल्यास काय होईल हेही लिहावे. "फलकावरील नाव लवकर कळवावे" या वाक्याला काही अर्थ नाही. "अमुक तारखेपर्यंत नाव न आल्यास नोंदणी अर्जातील नाव छापले जाईल आणि नंतरच्या बदलाचा खर्च स्टॉलधारकाकडे राहील" असे लिहिले की उत्तरेही येतात आणि न आल्यास काम अडत नाही.

उत्तर २ : मंडप आणि स्टॉल उभारणी कंत्राटदार, पंचवटी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरी आमच्या बाजूचे काही सांगणे आवश्यक वाटते. बदल आमच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचतो. मैदानावर दोरी धरून आखणी झाल्यावर "ती रांग तीन फूट मागे घ्या" असे सांगितले जाते, तेव्हा केवळ ती रांग हलत नाही. वायरिंग, गालिचा आणि आपत्कालीन वाटही हलते, आणि अग्निशमन विभागाला दिलेला नकाशा निरुपयोगी होतो.

नेहमीचा स्टॉल तीन बाय तीन मीटरचा असतो. त्यात किती टेबले, खुर्च्या, दिवे आणि प्लग येतात, हे संयोजकांनी आम्हाला आणि स्टॉलधारकांना एकाच शब्दांत कळवावे. उभारणी चालू असताना स्टॉलधारक आमच्या कारागिराला जास्तीची फळी लावायला सांगतो आणि बिलाच्या वेळी कोणाला काही आठवत नाही. यासाठी जादा कामाची चिठ्ठी स्टॉलधारकाच्या सहीशिवाय स्वीकारू नये, असा नियम आधीच जाहीर करावा.

अवजड यंत्रांचे वजन आणि मापे आखणीपूर्वीच हवीत. यंत्र आधी आत जाते, मग भिंती उभ्या राहतात. हा क्रम उलटला तर हायड्रा (चाकांवर फिरणारी) क्रेन आत वळतच नाही. मैदान उघडे असल्यामुळे अवकाळी पावसाने माती भिजली तर लाकडी मंचाखाली पत्रे टाकावे लागतात, त्याचा खर्च कोण करणार हेही आधी ठरवलेले बरे. शिवाय प्रदर्शन २०२७ च्या सिंहस्थाच्या जवळपास येत असेल, तर मंडप, जनरेटर आणि फिरती स्वच्छतागृहे यांची आगाऊ नोंद लेखी करून घ्या. केवळ तोंडी दरावर साहित्य राखून ठेवणे तेव्हा कोणालाच परवडणार नाही.

उत्तर ३ : स्टॉलधारक, हायड्रॉलिक प्रेस उत्पादक, सातपूर

आम्हाला रोज दहा निरोप नकोत. आठवड्यातून एकच पत्र, वर ठळक तारीख आणि खाली आम्ही काय करायचे ते, एवढे पुरते.

बाहेरगावच्या मंडळींना कागदपत्रांची माहिती सर्वांत आधी द्या. केवळ दाखवण्यासाठी पाठवलेला माल डिलिव्हरी चलनावर (विक्री नसताना माल नेण्याच्या कागदावर) येतो, आणि ई-वे बिलात (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या जीएसटीच्या दस्तऐवजात) प्रदर्शन किंवा जत्रा हे कारण निवडता येते. परराज्यातून येणाऱ्या मालाची किंमत पन्नास हजार रुपयांपेक्षा अधिक असेल तर ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख रुपये आहे. ई-वे बिलावर लिहायचा मैदानाचा पत्ता जसाच्या तसा आपल्या पत्रात द्यावा, नाहीतर प्रत्येक जण वेगळा पत्ता भरतो. परराज्यातील स्टॉलधारक मैदानावर विक्री करणार असेल आणि त्याची महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी नसेल, तर त्याला येथे प्रासंगिक करपात्र व्यक्ती (तात्पुरता व्यवसाय करणारा करदाता) म्हणून नोंदणी करावी लागते व तिचा अर्ज व्यवसाय सुरू करण्यापूर्वी किमान पाच दिवस आधी द्यावा लागतो. हे त्याला आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही.

जड वाहनांना शहरात कोणत्या वेळी प्रवेश आहे ते वाहतूक शाखेकडून विचारून घ्या आणि क्रेनची वेळ स्टॉलनिहाय वाटून द्या. मैदानालगतच्या गंगापूर रस्त्यावर दिवसा कॉलेजची वर्दळ असते, त्यामुळे ट्रक रांगेत उभे ठेवणे शक्य नाही. आणखी एक अपेक्षा आहे. वीज गेली किंवा उद्घाटन लांबले, तर अफवा पसरण्याआधी संयोजकांनी स्वतः येऊन सांगावे. पहिल्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन प्रत्येक स्टॉलवर फेरी मारलीत, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पुरवठादारांचे पैसे आणि स्टॉल रद्द करणाऱ्यांचा परतावा, या दोन गोष्टींचे शब्द कसे ठेवावेत?

उत्तर १ : प्रदर्शन संयोजक, गंगापूर रस्ता

परताव्याचे टप्पे तारखांसह नोंदणी अर्जातच छापा आणि त्याखाली सही घ्या. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि लेखी काहीच ठरलेले नसेल तर ती पंधरा दिवसांची धरली जाते; उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. म्हणून आगाऊ रक्कम, उभारणी पूर्ण झाल्यावरचा हप्ता आणि मैदान मोकळे करून दिल्यानंतरची अखेरची रक्कम, असे तीन भाग ऑर्डरमध्ये लिहावेत, आणि अखेरच्या बिलाला जादा कामाच्या सही केलेल्या चिठ्ठ्या जोडूनच मागवाव्यात.