मदत हवी आहे: १९८९ची आयबानेझ आरजी५५० सुरात राहत नाही

मंडळी, माझ्या संग्रहातली सगळ्यात लाडकी गिटार अडली आहे. सिरीयल नंबर एफ९ने सुरू होतो, म्हणजे जपानच्या फुजिजेन कारखान्यातली, १९८९ची. पातळ विझार्ड नेक (मान), २४ फ्रेट, मूळचा एज ब्रिज (तारांची खालची टोकं धरणारा, हलणारा धातूचा भाग). जलद रिफ वाजवताना हात नुसता पळतो.

अडचण अशी: व्हॅमी बार (ब्रिज हलवून सूर वरखाली करणारा दांडा) खाली दाबून सोडला की तारा किंचित उतरलेल्या राहतात, वर ओढून सोडला की चढलेल्या. तारा नव्या आहेत, लॉकिंग नट (मानेच्या टोकाशी तारा पकडून ठेवणारा भाग) घट्ट आहे, मागच्या स्प्रिंगाही बदलून पाहिल्या. ब्रिज ज्या दोन स्टडवर (बॉडीत बसवलेल्या धातूच्या खुंट्यांवर) धारेने टेकतो, तिथेच काहीतरी अडतंय असा माझा संशय आहे. भिंगातून पाहिलं तर तारस्वराच्या बाजूची धार बोथट दिसते. बॉडी बासवूडची, लाकूड मऊ. त्यामुळे स्टड कलला असेल का, हीही धास्ती आहे.

आधी फक्त स्टड बदलू का? धार घासून घेणं कुणी केलंय का, ती टिकली का? पूर्ण ब्रिज बदलायला मन घेत नाही, सगळे भाग मूळचे आहेत. मुंबई-पुण्यात अशा, म्हणजे फ्लॉइड रोज पद्धतीच्या, ब्रिजवर हात बसलेला कारागीर माहीत असेल तर नक्की सांगा.