तीन चालींपुढचा पट धूसर होतो: उपाय काय?

प्रश्न: बुद्धिबळाची कोडी सोडवताना पहिली चाल मला बहुधा लगेच सुचते, मात्र प्रत्यक्ष डावात तीन चालींपुढे कोणती सोंगटी कोणत्या घरात उरली, हेच मनातून निसटते. रोजच्या कोड्यांची संख्या वाढवल्याने फरक पडेल का?

उत्तर १: नुसत्या संख्येने फारसे साधणार नाही. शह, सोंगटी मारणे आणि थेट धमकी या क्रमाने चाली तपासाव्यात आणि हाच क्रम प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनेही लावावा. बहुतेक जण नेमके तेच विसरतात.

उत्तर २: सहमत आहे, पण सरावासाठी बुद्धिबळपटू रिचर्ड रेटी यांनी १९२१ मध्ये रचलेले कोडे घ्यावे (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी). पांढरा राजा एच-८ वर व प्यादे सी-६ वर, काळा राजा ए-६ वर व प्यादे एच-५ वर. पांढऱ्याने खेळून बरोबरी साधायची आहे. पांढरा राजा जी-७, एफ-६, ई-५ असा तिरका उतरतो, त्यामुळे काळ्याच्या प्याद्याचा पाठलाग आणि स्वतःच्या प्याद्याला आधार ही दोन्ही कामे एकाच वाटेवर होतात. काळ्या राजाने बी-६ वरून सी-६ चे प्यादे मारले, तर पांढरा राजा एफ-४ वर येऊन काळ्याचे प्यादे गाठतो. पटावर चारच सोंगट्या असल्याने हे सारे डोळे मिटून पाहता येते.

प्रश्नकर्ता: आणि काळ्याने मारण्याऐवजी प्यादे पुढे ढकलले तर?

उत्तर २: तर राजा डी-६ वर जातो आणि दोन्ही प्यादी पटाच्या टोकाला पोचून वजीर होतात, म्हणजे बरोबरीच. तो मार्ग आपण स्वतः मनात शेवटपर्यंत पाहावा. तोवर इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम, सुरू करू नये.