छोट्या संस्थेसाठी स्वस्त होस्टिंग आणि डेटाबेस, काय घ्यावं?

अभ्यासिका_ताई
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या विडी घरकुलात आमची छोटी संस्था आहे, विडी वळणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. नोंदणी आहे, ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळते ते) पण आहे. ३४० मुलांची माहिती अर्धी रजिस्टरात, अर्धी एक्सेलमध्ये, आणि ती एक्सेल तिघांच्या मोबाईलमध्ये तीन वेगवेगळी. परवा वह्या वाटल्या तर एकाच मुलीचं नाव दोनदा आलं, कारण एका यादीत आडनाव गुंडेटी आणि दुसरीत गुंडेट्टी, आणि शेवटच्या पोरीपर्यंत सेटच संपले. ती रिकामी पिशवी धरून तशीच उभी राहिली ओ, मला रात्रभर झोप नाही.
आता वेबसाईट आणि नीट डेटाबेस दोन्ही करायचंय. एकाने ४५ हजार सांगितले, वर दरवर्षी १२ हजार मेंटेनन्स. आमचे वर्षाला ६ हजाराच्या वर निघत नाहीत. कोडिंग येणारं कुणी नाही, एक बी.कॉम.ची मुलगी आहे ती एक्सेल चांगलं करते. होस्टिंग कुठलं घेऊ? सगळे मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस घ्या म्हणतात, ते लागतंच का?

सातरस्ता_सर्व्हर
ताई, आधी वेबसाईट आणि मुलांची माहिती या दोन गोष्टी वेगळ्या करा. वेबसाईट म्हणजे तुमची चार पानं, कामाचे फोटो, देणगीचा क्यूआर, पत्ता. एवढ्यासाठी डेटाबेस लागत नाही. गुगल साईट्सवर फुकट होतं, कोडिंग नको, स्वतःचं डोमेन, म्हणजे साईटचं नाव-पत्ता, जोडता येतं. खर्च फक्त डोमेनचा.
साईट बनवायचं वर्डप्रेसच हवं असेल तर शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट) घ्या, पण जाहिरातीतला महिन्याचा रेट बघून घेऊ नका, रिन्यूअलचा रेट किती आणि वर १८ टक्के जीएसटी धरून वर्षाचे किती ते आधी विचारा, पहिलं वर्ष स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट-तिप्पट असं सर्रास असतं. एसएसएलचे, म्हणजे साईट सुरक्षित उघडण्यासाठीच्या सर्टिफिकेटचे, वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे.
आणि मुलांची यादी त्या होस्टिंगवर ठेवूच नका, हात जोडून सांगतो. वर्डप्रेसला जोडलेलं एखादं जुनं प्लगइन (जादा सोयीचा छोटा प्रोग्राम) अपडेट करायचं राहिलं की तिथूनच साईट हॅक होते. फोटो गेले तर परत टाकता येतील, पोरींचे पत्ते आणि आईचे मोबाईल नंबर बाहेर गेले तर काय करणार?
३४० मुलं, २० रकाने, म्हणजे ६,८०० सेल. गुगल शीट १ कोटी सेलपर्यंत घेते. तुमची अडचण आडनावातली आहे, ती ४५ हजाराच्या सॉफ्टवेअरनेही सुटली नसती. प्रत्येक मुलाला एक नंबर द्या, कार्डावर लिहा, आणि वाटपाच्या शीटमध्ये नाव टाईप करायचंच नाही, नंबर टाकला की व्हीलुकअप फॉर्म्युल्याने नाव आपोआप यावं आणि तोच नंबर परत आला की सेल लाल व्हावा. बी.कॉम.वाल्या मुलीला एका दुपारीत जमेल.

कुंभारी_कोडर
दादांचं पटलं, पण हजेरी पण भरणार असाल तर? ३४० मुलं, वर्षाचे २५० दिवस, रोज एकेक ओळ म्हणजे ८५ हजार ओळी, साध्या मोबाईलवर शीट अडकायला लागते. हजेरीची दर महिन्याला वेगळी फाईल करा, म्हणजे चालेल.
फुकटच्या क्लाऊड डेटाबेसचं कुणी सुचवलं तर एक ध्यानात ठेवा. सुपाबेसचा फुकट प्लॅन ५०० एमबी देतो, तुम्हाला भरपूर झालं, पण आठवडाभर कुणी वापरलं नाही की प्रोजेक्ट पॉज होतो. मेच्या सुट्टीत तुमचं नेमकं तेच होणार. पुढं कधी मायएसक्यूएलवर गेलात तर कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ ठेवा, लॅटिन१ राहिलं तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. आणि डीटीपीवाल्याकडून टाईप केलेल्या श्रीलिपीतल्या (जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधल्या) याद्या असतील तर आधी युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर शोधलं तरी नाव सापडत नाही.

नवीपेठ_हिशेब
मी दोन संस्थांचे हिशेब बघतो. ताई, होस्टिंगपेक्षा डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. आमच्या एका संस्थेचं डोमेन एका कार्यकर्त्याच्या स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं, तो नोकरीला पुण्याला गेला, तो ईमेल बंद, रिन्यूअलचे मेल कुणी बघितलेच नाहीत आणि आठ वर्षांचं नाव हातातून गेलं. पावतीबुकावर, बॅनरवर, सगळीकडे तोच पत्ता छापलेला. संस्थेचा वेगळा ईमेल काढा, पासवर्ड दोन विश्वस्तांकडे ठेवा, डोमेन एकदम पाच वर्षांचं भरा.
८०जी आहे म्हणजे ३१ मेच्या आत १०बीडी, म्हणजे वर्षभरातल्या देणग्यांचा इन्कम टॅक्सचा फॉर्म, भरावा लागतो, त्यात देणगीदारांचे पॅन लागतात. ती फाईल मुलांच्या फाईलपासून वेगळी ठेवा, सगळ्या स्वयंसेवकांना उघडून देऊ नका.

अभ्यासिका_ताई
खूप आभार सगळ्यांचे. ४५ हजारवाल्याला नाही सांगते. एक विचारायचं राहिलं, आधार नंबर शीटमध्ये ठेवू का? फॉर्मवर घेतलाय आम्ही.

सातरस्ता_सर्व्हर
नका ठेवू ताई. तुम्ही दिलेला नंबरच ओळखीला पुरतो, मग आधार कशाला साठवायचा? आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची पडताळता येणारी संमती हवी असं आहे, तर फॉर्मवर आईची सही घ्या, जिला मराठी वाचता येत नाही तिला तेलुगूत वाचून दाखवा. शीट फक्त दोघींना एडिट ठेवा, बाकीच्यांना नुसती बघायला, आणि दर शनिवारी एक कॉपी पेनड्राईव्हवर. गुगलकडे नोंदणीकृत संस्थांना वर्कस्पेस (संस्थेच्या नावाचा ईमेल, ड्राईव्ह वगैरे) फुकट मिळतं, त्याचा पण अर्ज करून टाका, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट आणि संस्थेचा पॅन स्कॅन करून ठेवा. शाळा म्हणून अर्ज करू नका, शाळांचं वेगळं आहे.

अभ्यासिका_ताई
बरं दादा. रविवारी बसतोय आम्ही दोघी, १ पासून ३४० पर्यंत कार्डं लिहायला. १ नंबर त्या वह्या न मिळालेल्या पोरीला देणार आहे.