पद्मिनीच्या इंजिनाचं हेड (वरचं झाकण) उतरवलंय: नुसतं सपाट करू की कॉम्प्रेशनही वाढवू? (मदत हवी आहे)

गाडी १९७४ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. बाबा कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात होते तेव्हा घेतलेली, आजवर घरातच आहे. गिरगावात चाळीखाली उभी असते, रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला एक फेरी होते.

मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना पाणी उकळलं. लगेच थांबायला हवं होतं, पण मी शिंग्रोबाच्या देवळापर्यंत तशीच ओढली. घरी आणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं: पहिल्या दोन सिलिंडरना ११८ आणि १२० पीएसआय, तिसऱ्या-चौथ्याला ६५ आणि ६०. शेजारचे दोन एकदम पडले म्हणजे मधे गॅस्केट (हेडखालची सील) गेलं असणार, आणि हेड काढल्यावर तसंच निघालं. हेड ॲल्युमिनियमचं. स्टीलची पट्टी ठेवून फिलर गेज (पातळ मापपट्टी) घातला तर तीन-चारच्या मधे ०.२० मिमी फट आहे. चार नंबरची एक्झॉस्ट सीटही (धुराच्या व्हॉल्व्हची बैठक) हलतेय.

लेथवाल्याचं म्हणणं, "उतरवलंच आहे तर जास्त घासून देतो, कॉम्प्रेशन आठवर नेऊ, मग पिकअप बघा." मोह झाला, खोटं कशाला बोलू. म्हणून गणित करून पाहिलं. बोअर ६८, स्ट्रोक ७५, म्हणजे एका सिलिंडरचे २७२ सीसी. बुरेटने (मापाच्या काचनळीने) चेंबर, म्हणजे हेडमधली पेट्रोल जळायची पोकळी, मोजला, गॅस्केटची जाडी धरली, पिस्टनच्या वर उरणारी जागा ४३ सीसी आली. म्हणजे आत्ता कॉम्प्रेशनचं प्रमाण (पूर्ण जागा भागिले वरची जागा) ७.३ला १. आठवर न्यायचं तर ती जागा ३९ सीसीच्या आत आणावी लागेल. चेंबरचं तोंड पूर्ण बोअरएवढं धरलं तरी १.१ मिमीहून जास्त घासावं लागतं, आणि ते तेवढं मोठं नाहीच, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्त. एवढं काढल्यावर पाण्याच्या वाटेवर किती धातू उरेल, हीच भीती आहे.

दुसरं म्हणजे नोंदणी. २०२१च्या नियमाने पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. मला ती तशी नोंदवायची आहे. हेड घासणं त्यात धरतात का? कुणी आरटीओत या कामासाठी गेलं असेल तर अनुभव सांगा. आणि सीट नवी बसवून घ्यावी की सरळ दुसरं हेड शोधावं? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन पाहिली, दोन्हींची पाण्याची भोकं खाऊन गेलेली होती.

प्रतिसाद

दादा, आठचा नाद सोडा. अडचण पेट्रोलची नाही, आजचं साधं पेट्रोल आठला पुरतं. अडचण धातूची आहे. ०.२५ मिमीत तुमचं हेड सपाट होईल, तेवढ्याने कॉम्प्रेशन ७.४ होईल, बस्स. सव्वा मिलीमीटर काढलंत तर व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर तेवढाच खाली येतो, त्याला ढकलणारे पुशरॉड लांब पडतात, टॅपेटच्या (फट जुळवायच्या) स्क्रूने सगळं भरून निघत नाही. मग रॉकरच्या स्टँडखाली पट्ट्या घाला, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का ते क्ले ठेवून बघा. आणि पुढच्या वेळी हेड वाकलं तर घासायला काही उरणार नाही.

मूळ हेड टाकू नका. घासण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या, तडा असेल तर तिथेच दिसेल. सीट बदलून घ्या, व्हॉल्व्हचे गाइड बघून घ्या. मुख्य म्हणजे पाणी का उकळलं ते शोधा: रेडिएटरचं रॉडिंग (नळ्या सळईने साफ करणं), वॉटर पंप, थर्मोस्टॅट. नळाचं पाणी घालत असाल तर आजपासून बंद, ॲल्युमिनियमला तेच खातं. बसवताना नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा, आणि दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर पुन्हा बघा.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. नळाचंच पाणी होतं, बाबाही तेच घालायचे. लेथवाल्याला पाव मिलीमीटरच सांगून आलो. आता प्रश्न सीटचा राहिला. हेड भट्टीत गरम करून सीट बर्फात थंड करून बसवणारा माणूस हवा, ठोकून बसवणारा नको. दादर ते कुर्ल्याच्या पट्ट्यात स्वतः काम करून घेतलेलं असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. हेड पिशवीत घालून मी कुठेही येईन.